सैनिकांचे मुखवटे : युद्धोत्तर मनोव्यथा आणि कलोपचार

१. एक रास्त शंका

रणांगणावरून परतलेल्या, रात्री झोपेतून किंचाळत उठणाऱ्या आणि दिवसा माणसांची गर्दी टाळणाऱ्या सैनिकाच्या हाती रंगांची पेटी आणि कुंचला दिल्याने त्याचा आजार बरा कसा होणार, हा प्रश्न कलोपचाराचे नाव प्रथमच ऐकणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. ज्यांच्यावर हा उपचार व्हायचा ते सैनिकही तो विचारतात, आणि पुष्कळदा अधिक तिखट शब्दांत. कारण बंदूक, वायरलेस आणि नकाशा यांच्या सहवासात वीस वर्षे काढलेल्या माणसाला रंगकामाच्या टेबलाशी बसवले, की आपली गणना बालवर्गात झाली असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिचे समाधान करायचे तर या माणसाच्या मनाला काय झाले आहे, ते त्याला बोलून का दाखवता येत नाही आणि चित्राने त्या ठिकाणी नेमके काय साधते, हे क्रमाने पाहिले पाहिजे.

या प्रकरणात आपण मुख्यतः एका जागेचा विचार करणार आहोत. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराला लागून मेरिलँड राज्यात बेथेस्डा नावाचे गाव आहे. तेथे वॉल्टर रीड हे सैन्याचे प्रसिद्ध इस्पितळ असून त्याच्या आवारात २०१० साली ‘नॅशनल इन्ट्रेपिड सेंटर ऑफ एक्सलन्स’ ही संस्था सुरू झाली. इराक आणि अफगाणिस्तान येथील मोहिमांतून स्फोटांच्या धक्क्याने मेंदूला इजा झालेले आणि त्याच वेळी मनानेही खचलेले जे सैनिक परत येऊ लागले, त्यांच्यासाठी ही संस्था स्थापन झाली. आणि मेलिसा वॉकर नावाच्या तरुण कलोपचारक बाईंनी प्रारंभापासून तेथे मुखवटे रंगवण्याचा उपक्रम चालवला.

२. दुखणे कोणते?

युद्धाने माणसाचे मन विस्कटते, ही गोष्ट वैद्यकाला ठाऊक होती, पण ती मान्य करण्यास त्याने फार काळ घेतला. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांची छातीतील धडधड, धाप आणि थकवा यांची नोंद जेकब दा कोस्टा या डॉक्टराने १८७१ साली प्रसिद्ध केली, तेव्हा तो विकार हृदयाचा समजला गेला. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या ब्रिटिश वैद्याने १९१५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ‘शेल शॉक’ या नावाखाली काही रुग्णांची हकिकत छापली, तेव्हा तोफगोळ्याच्या धक्क्याने मज्जातंतू हादरतात अशी समजूत होती. लष्करी न्यायासनांची दृष्टी तर याहून कठोर होती. पळून गेल्याच्या किंवा भित्रेपणाच्या आरोपावरून ब्रिटिश सेनेने त्या युद्धात आपल्याच ज्या सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश पार्लमेंटने २००६ साली मरणोत्तर माफी दिली. त्यांतील कित्येक जण गुन्हेगार नसून रुग्ण होते, असे आज मानले जाते. हा कलंक पुसला जायला नव्वद वर्षे लागली, आणि आपल्या दुखण्याविषयी बोलताना सैनिकाची जीभ आजही का अडखळते, याचे एक उत्तर या नव्वद वर्षांत आहे.

व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत रोगसूचीत या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. डॉक्टर मंडळी त्याला पीटीएसडी म्हणतात. आपण आघातोत्तर मनोव्यथा म्हणू. त्याची लक्षणे चार प्रकारची असतात, आणि ती समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, इराकमधून परतलेला एक अमेरिकन सार्जंट आपल्या गावच्या रस्त्याने मोटार चालवीत आहे. रस्त्याच्या कडेला कचऱ्याची एक काळी पिशवी पडलेली दिसताच त्याचे हात गोठतात आणि तो मोटार जोराने दुसऱ्या बाजूला वळवतो. कारण ज्या मुलखात तो वर्षभर तैनात होता, तेथे अशाच पिशव्यांखाली सुरुंग पेरलेले असत. त्या क्षणी त्याला इराक आठवत नाही, तो इराकमध्येच असतो. ही पुनरनुभूती, म्हणजे घडून गेलेला प्रसंग जसाच्या तसा पुन्हा भोगणे. हा अनुभव पुन्हा येऊ नये म्हणून तो त्या रस्त्याने जाणे सोडतो, मग मोटार चालवणे सोडतो, मग पलटणीतल्या जुन्या मित्रांचे फोन घेणेही सोडतो, हे परिहरण. आपल्या शेजारी बसलेला सोबती मेला आणि आपण वाचलो, तेव्हा चूक आपलीच असली पाहिजे, अशी त्याची पक्की धारणा होते आणि मुलांना जवळ घेतानाही त्याला काही वाटेनासे होते. ही विचारांची आणि भावनांची विकृती. आणि चौथे म्हणजे अखंड सावधता : उपाहारगृहात तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसतो, झोप येत नाही, क्षुल्लक आवाजाने दचकतो, क्षुल्लक कारणाने भडकतो.

ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांनी माणसाचे नेहमीचे जगणे अडवले, म्हणजे रोगाचे निदान होते. युद्ध पाहिलेल्या प्रत्येकाला हा विकार होतो असे मात्र नाही. बहुसंख्यांना तो होत नाही. ज्याला होतो त्याचे धैर्य इतरांहून कमी होते, असाही याचा अर्थ नाही.

३. रुमालात न बांधलेले कागद

आता प्रश्न असा, की जे घडले ते सांगून मोकळे होण्याचा साधा मार्ग या माणसाला का सापडत नाही?

पुण्याचे पेशवे दफ्तर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना जुने कागद रुमालात बांधून ठेवण्याची रीत परिचयाची असेल. कोणता कागद कोणत्या सालचा, कोणत्या परगण्याचा, हे पाहून तो त्या त्या रुमालात बांधला जातो. हवा तेव्हा रुमाल सोडावा, कागद वाचावा आणि पुन्हा बांधून फडताळात ठेवावा. आपली रोजची स्मृती बहुतांशी अशी लावलेली असते. गेल्या वर्षीचे लग्नकार्य आपल्याला आठवते ते तारीख, ठिकाण आणि आरंभ-अखेर यांसह आठवते, आणि आठवून झाल्यावर ते आपोआप मागे सरते. जिवावरच्या प्रसंगी मात्र हा दफ्तरदार कामावर नसतो. मेंदूतील अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची सूचना देतो आणि सर्व शरीर लढण्याच्या वा पळण्याच्या तयारीला लागते. घटनेला काळ आणि स्थळ चिकटवण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्या हिप्पोकॅम्पस या भागाचे काम मात्र त्या ताणाखाली नीट होत नाही. परिणामी जळलेल्या डिझेलचा वास, एक किंकाळी, धुळीचा विशिष्ट पिवळा रंग, तुटलेला बूट, असे सुटे कागद तारखेविना आणि शिक्क्याविना दफ्तरभर पसरून राहतात. त्यांना रुमाल नाही, म्हणून ते हवे तेव्हा काढता येत नाहीत; आणि त्यांना रुमाल नाही, म्हणूनच नको तेव्हा, वाऱ्याच्या एका झुळकेसरशी, ते उडून अंगावर येतात.

यात भाषेचीही एक अडचण आहे. बोस्टन येथील संशोधकांनी १९९६ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मोजक्या रुग्णांना त्यांच्याच आघाताची हकिकत ऐकवली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. दृश्य प्रतिमांशी संबंधित असलेला भाग त्या क्षणी अधिक सक्रिय झालेला आढळला, आणि ब्रोकाचे क्षेत्र म्हणून ओळखला जाणारा, बोलण्याशी निगडित असलेला भाग मंदावलेला आढळला. एवढ्यावरून उजवा मेंदू चित्रांचा आणि डावा शब्दांचा, अशी जी सरधोपट वाटणी काही लेखक करतात ती शास्त्राला धरून नाही, आणि रुग्ण मोजके असल्याने या निष्कर्षाला फार ताणू नये. परंतु ज्या उपचारकांनी अशा सैनिकांसमोर तासन् तास बसून काढले आहेत त्यांचा अनुभव याच दिशेचा आहे : माणूस बोलू इच्छितो, तोंड उघडतो, आणि त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहते, पण शब्द उभा राहत नाही.

त्यात सैनिकी शिस्तीची भर पडते. तक्रार करायची नाही, सोबत्यावर आपला भार टाकायचा नाही, गुप्त कामगिरीविषयी बोलायचे नाही, हे ज्याच्या हाडीमासी भिनले आहे त्याला डॉक्टरपुढे बसवून “काय झाले ते सांगा” असे म्हटले, तर तो बहुधा “ठीक आहे, साहेब” एवढेच सांगतो. मनोव्यथा कळवल्यास बढती अडेल, हत्यार काढून घेतले जाईल, ही भीती वेगळीच.

४. सॅनेटोरियमपासून मुखवट्यापर्यंत

कलोपचार म्हणजे प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीने, चित्र, शिल्प किंवा तत्सम निर्मितीच्या द्वारे रुग्णाने आपल्या मनातील गोष्टीला रूप देणे आणि मग त्या रूपाच्या आधाराने ती समजून घेणे. चित्रकलेच्या शिकवणीचा यात काही संबंध नाही. चित्र चांगले आले की वाईट, याची तेथे दखल घेतली जात नाही.

या शाखेचा उगमही एका सैनिक-चित्रकाराशी जोडलेला आहे. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार पहिल्या महायुद्धात आघाडीवर राहून रेखाटने करीत असे. १९३८ साली तो क्षयाने आजारी पडून इंग्लंडमधील मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये दाखल झाला, तेथे अंथरुणावर पडल्या पडल्या तो समोरच्या वस्तू रेखाटू लागला आणि पुढे इतर रुग्णांना, ज्यांत दुसऱ्या महायुद्धातून आलेले जखमी सैनिकही होते, त्याने हा नाद लावला. या रुग्णांपैकी काहींनी काढलेली चित्रे निसर्गदृश्यांची नसून त्यांनी पाहिलेल्या भयानक प्रसंगांची होती, हे हिलच्या ध्यानात आले. १९४५ साली प्रसिद्ध झालेले ‘आर्ट व्हर्सस इलनेस’ हे त्याचे पुस्तक या विषयावरील आरंभीच्या पुस्तकांपैकी आहे. १९४६ पासून एडवर्ड ॲडमसन याने सरे परगण्यातील नेदर्न मनोरुग्णालयात चित्रशाळा चालवली. १९६४ साली ब्रिटनमध्ये आणि १९६९ साली अमेरिकेत कलोपचारकांच्या संघटना स्थापन झाल्या. आज अमेरिकेत हा व्यवसाय करण्यास पदव्युत्तर शिक्षण लागते.

मुखवट्याचा सैनिकाशी संबंध तर याहून जुना आहे. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढताच चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी लंडनच्या वँड्सवर्थ भागातील लष्करी इस्पितळात फ्रान्सिस डर्वेंट वुड हा शिल्पकार धातूच्या पातळ पत्र्याचे मुखवटे करीत असे. त्याच्या कामाचे वर्तमान ऐकून ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार बाईंनी पॅरिसमध्ये रेडक्रॉसच्या आश्रयाने तसाच कारखाना उघडला. सैनिकाच्या जुन्या छायाचित्रावरून पूर्वीचा चेहरा घडवायचा आणि तो त्याच्या चेहऱ्यावर चढवूनच त्वचेच्या वर्णाचा रंग द्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. पत्नीला आणि मुलांना आपले तोंड दाखवता यावे, एवढीच त्या सैनिकांची मागणी असे. त्या मुखवट्यांनी जखम झाकली. बेथेस्डा येथील मुखवटे, उलटपक्षी, ज्यांच्या चेहऱ्यावर ओरखडाही नाही अशा माणसांची जखम बाहेर दाखवतात.

५. टेबलाशी

बेथेस्डाच्या संस्थेत सैनिक चार आठवड्यांच्या उपचारक्रमासाठी येतो. मज्जाविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, निद्राविकारतज्ज्ञ, व्यायामोपचारक असे अनेक जण त्याला तपासतात. कलोपचार या क्रमाचा एक भाग आहे आणि मुखवटा रंगवणे हे बहुधा पहिल्याच आठवड्यात येते. कागदाच्या लगद्याचा, मनुष्याच्या चेहऱ्याच्या आकाराचा कोरा पांढरा मुखवटा प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवला जातो. टेबलावर रंग, कुंचले, माती, तार, दोरा, कापडाचे तुकडे, कात्री, गोंद असे साहित्य असते. काय करावे याविषयी हुकूम नसतो. सैन्यातल्या माणसाला प्रारंभी हेच अवघड जाते, आणि कित्येक जण हाताची घडी घालून बराच वेळ नुसते बसून राहतात. मुखवट्याची निवड येथेच उपयोगी पडते : कोऱ्या कागदापुढे माणूस “मला चित्र काढता येत नाही” म्हणून उठून जातो, पण मुखवट्याला डोळे, नाक, ओठ आधीच असतात, कोठून तरी प्रारंभ करता येतो, आणि तो चेहरा आपला आहे की दुसऱ्या कोणाचा, हे तत्काळ कबूल करावे लागत नाही.

मग काही जण एका बाजूने शिस्तीत रंगवू लागतात. अर्धा चेहरा राष्ट्रध्वजाच्या रंगांत रंगवलेला आणि अर्धा काळवंडलेला. ओठ दोऱ्याने शिवलेले किंवा तोंडाला कुलूप घातलेले. कपाळापासून हनुवटीपर्यंत गेलेली चीर आणि तिच्यातून बाहेर येणारे काही लाल-काळे. डोळ्यांभोवती काटेरी तार. वॉकरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३७० मुखवट्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला, त्यात दुभंगलेपण, शारीरिक इजा, मनाची इजा, पलटणीशी असलेले नाते, मृत सोबत्यांचे स्मरण आणि सैनिकी जीवनातून नागरी जीवनात येतानाची ओढाताण हे विषय पुनःपुन्हा आलेले दिसतात. दोन माणसांनी एकमेकांचे न पाहता शिवलेले ओठ काढावेत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते; जे त्यांना सांगता येत नाही त्यात पहिली बाब हीच आहे, की सांगता येत नाही.

काम झाल्यावर उपचारक अर्थ लावायला बसत नाही. लाल रंग म्हणजे क्रोध आणि काळा म्हणजे नैराश्य, असा कोश त्याच्यापाशी नसतो आणि असता कामा नये. तो विचारतो : “याच्याविषयी काही सांगाल?” आणि येथे एक फार महत्त्वाची गोष्ट घडते. जो सैनिक “मला भीती वाटते” हे वाक्य दहा वर्षांत उच्चारू शकला नाही, तो मुखवट्याकडे बोट करून “हा घाबरलेला आहे” असे म्हणू शकतो.

वॉकरबाईंनी २०१५ साली एका जाहीर व्याख्यानात सांगितलेली एका सैनिकाची हकिकत येथे देण्याजोगी आहे. त्याला रक्ताने माखलेला एक चेहरा वर्षानुवर्षे दिसत असे, आणि आपल्याला वेड लागले असे लोक म्हणतील या भयाने त्याने ते कोणास सांगितले नव्हते. कलोपचाराच्या टेबलाशी त्याने तोच चेहरा मुखवट्यावर उतरवला. तो काढणे त्याला सोपे गेले नाही. पण एकदा ते रूप त्याच्या हातून पुरे झाले, तेव्हा ते इतरांनाही दिसू लागले, त्याच्याविषयी बोलता येऊ लागले, आणि संस्थेतून निघताना तो मुखवटा तेथेच ठेवून तो गेला. वर्षभरानंतर त्याने कळवले, की तो चेहरा मधल्या काळात दोनदाच दिसला, दोन्ही वेळा तो हसरा होता आणि त्याला पाहून घाबरल्यासारखे झाले नाही. प्रत्येकाच्या बाबतीत असे घडते असे कोणी म्हणत नाही.

६. चित्राने काय साधते?

या हकिकतीत उपचाराची बहुतेक सूत्रे आली आहेत. मनात असलेली गोष्ट बाहेर आली की तिला आकार, आकारमान आणि कड मिळते. आत असताना तिला अंत नव्हता. आता ती वीतभर लांबीरुंदीची वस्तू आहे, तिच्यापासून दूर जाता येते, ती उलटी ठेवता येते, तिच्यावर पुन्हा रंग देता येतो. ज्या प्रसंगी आपल्या हाती काहीच नव्हते त्या प्रसंगाविषयी, कितीही अल्प प्रमाणात का होईना, निर्णय घेण्याचा अधिकार माणसाला परत मिळतो. पूर्वीच्या दफ्तराच्या भाषेत बोलायचे तर सुटा कागद एकदाचा रुमालात बांधला जातो, आणि त्यावर तारीख घालण्याचे काम सुरू होते.

दुसरे असे, की भीतीच्या गोष्टीला थोड्या थोड्या मात्रेने आणि सुरक्षित जागी सामोरे जाणे हे या विकाराच्या सर्वमान्य मानसोपचारांचे तत्त्व आहे. बोलून ही मात्रा सांभाळणे पुष्कळांना जमत नाही; हकिकत सुरू झाली की तिचा लोंढा येतो किंवा ती मुळीच सुरू होत नाही. हात कामात गुंतलेले असताना मात्र माणूस क्षणभर प्रसंगाकडे आणि क्षणभर कुंचल्याच्या टोकाकडे पाहतो, आणि ही ये-जा त्याची त्यालाच सांभाळता येते.

तिसरे म्हणजे साक्षीदार. टेबलाभोवती बसलेले इतर सैनिक तो मुखवटा पाहतात आणि ओळखतात. आपण एकटेच असे झालो आहोत ही समजूत, जी या विकारातील सर्वांत घातक समजूत आहे, ती तेथे ढिली पडते. काही जण आपला मुखवटा घरी नेऊन पत्नीपुढे ठेवतात. भोजनाच्या टेबलाशी जे कधी निघाले नसते ते संभाषण त्यावरून निघते.

याच तत्त्वाचे एक वेगळे रूप इस्पितळाबाहेरही दिसते. व्हर्माँट राज्यातील बर्लिंग्टन येथे २००७ साली ड्रू कॅमेरॉन हा इराकमधून परतलेला माजी सैनिक आणि ड्रू मॅटट हा कागद बनवणारा कलावंत यांनी ‘कॉम्बॅट पेपर’ नावाचा उपक्रम सुरू केला. माजी सैनिक आपला जुना गणवेश घेऊन येतो. प्रथम गुंड्या आणि चेन काढून टाकायच्या. मग शिवणी उसवून कापडाचे टपाल तिकिटाएवढे तुकडे करायचे, आणि या कामाला तास दोन तास सहज लागत असल्याने त्या अवधीत टेबलाभोवती बोलणे सुरू होते. मग ते तुकडे पाण्यासह दळणयंत्रात घालून त्यांचा लगदा करायचा, लगदा पाण्यात कालवून जाळीच्या चौकटीवर उचलून घ्यायचा, पाणी निथळू द्यायचे आणि ओला ताव दाबाखाली ठेवून वाळवायचा. त्या कागदावर मग सैनिक लिहितो, छापतो किंवा चित्र काढतो. ही कार्यशाळा आहे, वैद्यकीय उपचार नव्हे, आणि तिचे चालक तसा दावाही करीत नाहीत. पण ज्या गणवेशाकडे पाहणेही ज्याला दुःसह झाले होते त्याने तो स्वतःच्या कात्रीने कापून त्याचा कोरा ताव केला, यात मला कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक बोध होतो.

७. पुरावा किती?

येथवर वाचलेल्या वाचकाने आता पुरावा मागावा, आणि तो त्याचा हक्क आहे.

मुखवट्यांवरील संशोधनात वॉकरबाईंच्या सहकारी गिरिजा कैमल या आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत शिकलेल्या या भारतीय वंशाच्या विदुषी पुढे फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात कलोपचाराच्या प्राध्यापिका झाल्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात मुखवट्यांतील प्रतिमा आणि त्या त्या सैनिकाची लक्षणे यांचा पडताळा घेतला. ज्यांच्या मुखवट्यावर मनाच्या जखमेचे थेट चित्रण होते त्यांची आघातोत्तर लक्षणे अधिक तीव्र आढळली. ज्यांनी आपल्या पलटणीची ओळख दर्शवणारी चिन्हे काढली त्यांची लक्षणे सौम्य आढळली. यातून पलटणीचे चिन्ह काढल्याने माणूस बरा होतो असे सिद्ध होत नाही. आपण कोणाचे तरी आहोत ही भावना ज्याची शाबूत आहे त्याची व्यथा कमी असते, एवढेच दिसते. उपचारकाला मात्र ही माहिती मोलाची आहे.

रुग्णांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकून विभागणी करून तुलना करण्याची जी कसोटी औषधांना लावतात, ती कलोपचाराला फार थोड्या वेळा लावली गेली आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अमेरिकन अभ्यासात प्रचलित मानसोपचाराला कलोपचाराची जोड देऊन पाहिली होती. सहभागी माजी सैनिकांनी या जोडीचे महत्त्व सांगितले, परंतु त्यांची एकूण संख्या अवघी ११ होती, आणि ११ माणसांवरून निवाडा देता येत नाही. अमेरिकन सरकारच्या मार्गदर्शिकेत या विकारावर पहिल्या पसंतीचे स्थान आहे ते आघाताच्या स्मृतीवर थेट काम करणाऱ्या मानसोपचारपद्धतींना. काही औषधांनाही त्यात स्थान आहे. कलोपचाराला ते अद्याप मिळालेले नाही.

माझे मत असे, की कलोपचाराची बाजू मांडणाऱ्यांनी ही गोष्ट मोकळेपणाने सांगावी. मुखवट्यांची छायाचित्रे अत्यंत प्रभावी आहेत. २०१५ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने ती छापली तेव्हा जगभर त्यांची चर्चा झाली, आणि प्रभावी छायाचित्र हा पुरावा आहे असे समजण्याचा मोह लेखकाला होतो. या उपचाराचे खरे सामर्थ्य दारापाशी आहे : जो माणूस बोलण्याच्या उपचाराला येतच नाही, किंवा येऊन गप्प बसतो, त्याला तो आत आणतो. पुढचे काम मानसोपचारतज्ज्ञाचे, औषधाचे, झोपेच्या उपचाराचे, कुटुंबाचे आणि काळाचे आहे. दुसरे असे, की बांधलेली गोष्ट उघडली गेल्यावर ती सांभाळायला जाणता माणूस जवळ नसेल तर तेच चित्र माणसाला पुन्हा त्या प्रसंगात ढकलू शकते. म्हणून उत्साही शेजाऱ्याने किंवा शाळेतील चित्रकला-शिक्षकाने स्वतःच हा प्रयोग करू नये.

८. आपल्या घरी

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते, आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील जवानांचा स्मृतिस्तंभ आजही तेथे उभा आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांत असे एखादे गाव क्वचितच सापडेल जेथील कोणी लष्करात रुजू झालेला नाही. जे परत आले नाहीत त्यांची नावे दगडावर कोरली गेली. जे परत आले आणि ओट्यावर अबोल बसून राहिले, त्यांच्यासाठी मात्र घरच्यांपाशी “तो असाच आहे” यापलीकडे शब्द नव्हते.

अशा घरातील माणसांना माझी विनंती आहे. रजेवर आलेला किंवा निवृत्त होऊन आलेला मुलगा, पती वा भाऊ रात्र रात्र जागत असेल, फटाक्याच्या आवाजाने घराबाहेर पडत असेल, मुलांवर विनाकारण तुटून पडत असेल किंवा दारूचा आधार घेत असेल, तर त्याला भित्रा किंवा बिघडलेला म्हणू नका, आणि सर्व एकदम सांगून टाकण्याचा आग्रहही धरू नका. त्याने आपण होऊन वहीत काही रेखाटले, लाकडात काही कोरले, तर ते अभद्र दिसते म्हणून फेकून देऊ नका, विचारायचेच असेल तर “याच्याविषयी काही सांगशील का?” एवढेच विचारा, आणि तो नाही म्हणाला तर पुन्हा केव्हातरी विचारा. आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. जीव नकोसा झाल्याचे तो बोलू लागला, तर एक दिवसही थांबू नका.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला आहे. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ असा असून तो चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते, आणि त्यासाठी काही आकार पडत नाही.